मास्तरचा डावा पाय

लंगडा घोडा कुणाला तरी द्यायला निघालं की माणसं आतून कशी असतात ते फार लवकर कळतं. परक्यांची लवकर कळतात, घरच्यांची जरा उशिरा.

मास्तर हे आमच्या घोड्याचं नाव. रंगाने तांबडा, पाठीने रुंद आणि स्वभावाने इतका गरीब की शेपटीवर पाय दिला तरी तोच बाजूला सरकेल. आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत प्रत्येक मूल पहिल्यांदा त्याच्याच पाठीवर बसायचं, म्हणून मास्तर. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगीसुद्धा त्याच्यावरच शिकली. घाबरून त्याच्या आयाळीला लोंबकळायची, आणि हा बापडा मान खाली घालून उभा राहायचा.

शाळा वडिलांची, ती दादाकडे आली. माझ्याकडे तबेला आला, म्हणजे शेण, खरारा, चारा-पाणी आणि दुखणीखुपणी. शिवाय वडिलांनी माझ्या नावावर एक काळी घोडी ठेवली होती. ती तेवढी माझी. लग्न न केलेल्या बहिणीला एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ झालं, असं सगळ्या नातेवाइकांचं मत पडलं.

दादाचा एक मित्र आहे. पोट त्याच्या पुढे चालतं. त्याला एकदा उडी मारायची हौस आली आणि दादाने त्याला मास्तरवर बसवलं. मी नको म्हटलं. दादा म्हणाला, "तू काय घोड्याची आई आहेस?" उडी झाली, मित्र पडला नाही, टाळ्या वाजल्या. मास्तर उतरला तो उजवा पुढचा पाय उचलूनच.

डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला. "आतली शीर तुटलीये. जुळेल, पण पूर्वीसारखी नाही. चालेल, चरेल, मजेत जगेल. पाठीवर वजन मात्र आता कधीच नको."

"मग तो करणार काय?" दादाने विचारलं.

"जगेल म्हटलं ना."

दादाने असं तोंड केलं की जणू डॉक्टरांनी त्याला एखादं व्यसन लावून घ्यायला सांगितलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. इथे वैद्य जिवंत होता आणि दाणा खात होता, एवढीच अडचण.

"ही काय धर्मशाळा आहे?" डॉक्टर गेल्यावर तो मला म्हणाला. "तुला एवढी माया आहे ना, मग तूच बघ त्याच्यासाठी स्थळ."

मी स्थळं बघायला लागले. उपवर मुलीच्या बापाने जेवढे जोडे झिजवले नसतील तेवढे मी झिजवले. एक हॉटेलवाला आला. त्याला मास्तर दारात उभा करायला हवा होता, दिवसभर, गुळगुळीत फरशीवर, डोक्याला तुरा लावून. एकाने सांगितलं, "काम अगदी हलकं आहे हो, नुसत्या विटा." एक नवराबायको आले, त्यांनी मास्तरच्या गळ्यात पडून फोटो काढले आणि जाताना हळूच विचारलं, "आमचा मुलगा काडीसारखा आहे. त्याचं काय वजन होणार?" या सगळ्यांना मी वाटेला लावलं. दादा म्हणायचा की मुलीपेक्षा बापाचाच तोरा जास्त.

आणि मग रोपवाटिकेच्या बाई भेटल्या. त्यांच्याकडे एक म्हातारी घोडी होती, तिची जोडीदारीण मेल्यापासून ती खाणं टाकून बसली होती. त्यांना स्वारी नको होती, गाडी नको होती, सोबत हवी होती. मी जाऊन पाहिलं. मऊ जमीन, सावली, वाहतं पाणी, आणि कुंपणापाशी येऊन मला हुंगणारी ती म्हातारी. बाईंनी विचारलं, "त्याला रात्री अंगावर घालायला लागतं का काही?" मला तिथेच रडू आलं. असा प्रश्न मला आजवर कुणी घोड्याबद्दल विचारला नव्हता, आणि माझ्याबद्दल तर नाहीच.

ठरलं. पाय अजून थोडा भरला की मास्तर तिकडे जायचा.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. घोडा लंगडतो की नाही हे आम्ही बघत नाही, ऐकतो. वडिलांनी शिकवलेलं. घोडा फरसबंद अंगणात दुडक्या चालीने पळवायचा, आपण त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. डोळ्यांना आवडीचं दिसतं, कान लाड करत नाहीत, असं ते म्हणायचे. दुखऱ्या पायाचा ठोका हलका पडतो आणि चांगल्या पायाचा जड. दादाला ते कधी जमलं नाही. मला जमलं. घोड्यांचे दलाल मला कानसेन म्हणायचे, आणि लांबून घोडे घेऊन यायचे, मी फक्त पाठ करून उभं राहावं म्हणून. मी ठीक म्हटलं की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. आणि ज्याचा शब्द चुकला त्याने भरून द्यायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. माझा शब्द कधी चुकला नव्हता.

एका सकाळी मी चारा घेऊन परतले तर अंगणात दादा, आमचा नेहमीचा दलाल आणि मास्तर. मास्तरच्या पुढच्या दोन्ही पायांना नवे नाल. दलालाच्या हातात एका राखाडी घोडीचा दोर. घोडी देखणी होती. भाची तिच्याभोवती फुलपाखरासारखी फिरत होती. तिला उड्यांच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि आमच्याकडे त्या लायकीचं जनावर नव्हतं.

"ये," दादा म्हणाला. "मास्तर चक्क बरा झालाय. यांचा विश्वास नाही."

"तुमच्यावर कुणाचा असणार?" दलाल हसला. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. ताईंनी ऐकू द्या, मग बोलू."

"यांच्याकडे दुसऱ्या एका शाळेची मागणी आहे," दादा मला म्हणाला. "लहान मुलांसाठी शांत घोडा हवाय. त्याचंच जुनं काम. तिकडे त्या म्हातारीशेजारी माशा मारत बसण्यापेक्षा बरं नाही का?"

डॉक्टरांनी कधीच नाही म्हणून सांगितलं होतं. पण डॉक्टर चुकले असं वाटायला माणसाला कितीसा वेळ लागतो? मी पाठ केली. दादाने मास्तरला पळवलं.

ठोके सारखे पडत होते. मी पुन्हा पळवायला लावलं, मग उलट्या दिशेने. सारखेच. एकही हलका नाही, एकही जड नाही. पाऊल जरा आखूड पडत होतं, पण एवढे दिवस ठाणावर बांधलेला घोडा एकदम पाय कुठून लांब टाकणार? मी वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लंगडत नाही. घोडा ठीक आहे."

दलालाने तिथल्या तिथे मास्तरच्या बदल्यात राखाडीचा दोर दादाच्या हातात दिला.

रोपवाटिकेच्या बाईंना मीच फोन केला. स्थळ मोडलं म्हटलं, मुलगा कामाला लागला. त्या मनापासून खूश झाल्या. एक आंधळं खेचर कधीपासून जागा शोधत होतं, आता त्याला आणते म्हणाल्या. मी मास्तरला निरोप म्हणून गूळ दिला. त्याने तो तळहातावरून उचलला, मग बराच वेळ माझ्या खांद्यावर तोंड टेकून उभा राहिला. मला ते प्रेम वाटलं. आज वाटतं, पायावरचा भार तेवढाच हलका होत असेल.

आठवडा उलटायच्या आत दलाल ट्रक घेऊन परत आला. मास्तर फळीवरून खाली उतरला नाही, घसरला. पुढचा कुठलाच पाय त्याला टेकवत नव्हता. हा टेकवला की तो उचलायचा, तो टेकवला की हा. अंगावर घामाचे पट्टे होते.

दलाल खाली बसला, मास्तरचा डावा पाय, म्हणजे चांगला पाय, मांडीवर घेतला आणि पकडीने नाल उपटला. नाल आणि तळवा यांच्यामधून एक गोल खडा पडला. त्याच्यामागून पू आला. वासाने दादाने नाक धरलं.

मला समजायला एक क्षण लागला. उजवा दुखतो म्हणून ठोका चुकतो ना, मग डावाही दुखवायचा. दोन्ही सारखे दुखले की ठोके सारखे पडतात. माझ्या कानाने मला अगदी खरं तेच सांगितलं होतं.

"नालबंदाने ठोकला?" मी दादाला विचारलं.

"नालबंद सांगितलेलं काम करतो."

"तू सांगितलंस?"

"आरडाओरडा करू नकोस, मुलगी घरात आहे." मग तो दलालाकडे वळला, अगदी शांतपणे. "मी काही बोललो होतो का? आपण तिघे इथेच उभे होतो. घोडा ठीक आहे असं कोण म्हणालं?"

दलालाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही सगळं कळलं होतं, पण रिवाज त्याच्या सोयीचा होता. "शब्द ताईंचा होता," तो म्हणाला. "भरपाई ताईंची."

वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेली काळी घोडी तो त्याच ट्रकमधून घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "आता कानाला खडा, बाई. तुमच्या कानावर घोडा घ्यायचा नाही." राखाडी राहिली दादाकडे. मास्तर राहिला माझा. हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं?

मी रोपवाटिकेत फोन केला. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना बरा झाला म्हणून? खेचर आलंय हो. त्या दोघांचं छान जमलंय, आता त्याला कुठे घालवू?" आवाजात दुःख होतं. जागा नव्हती.

डॉक्टरांनी डावा खूर कापून साफ केला, आत बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "हाडापर्यंत गेलंय. उजवा अधू होता तरी हा घोडा जगणार होता, कारण डावा होता. आता तो उभा कशावर राहणार?" सुई भरायच्या आधी त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

"तिला विचारा," दादा म्हणाला. "घोडा तिचा आहे."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच कबूल केलं की या तबेल्यात माझं काही आहे. मी हो म्हटलं. मास्तरचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि ते जड होईपर्यंत धरून बसले. मला दादाचा गळा धरायचा होता. हात रिकामे नव्हते.

"चारच्या वर्गाला मुलं येतील," थोड्या वेळाने दादा म्हणाला. "त्याच्या आत ताडपत्री टाक त्याच्यावर."

मी टाकली नाही. तशीच बसून राहिले. सगळ्यांच्या आधी भाची आली, नवे बूट घालून. थबकली.

"काय झालं मास्तरला?"

"म्हातारा झाला होता गं," दादा म्हणाला.

मग मी तिला सांगितलं. उजवा पाय कोणाच्या हौसेपायी गेला, डाव्या पायाखाली काय ठेवलं, कोणी ठेवायला सांगितलं आणि कशासाठी, सगळं, साध्या शब्दांत, दादा समोर उभा असताना. त्याने मला अडवलं नाही. त्याचं तोंड उतरलं होतं. मला बरं वाटलं, ते लपवत नाही. घरात निदान एकाला तरी आता कळलं होतं, आणि ती त्याला जन्मभर विसरू देणार नाही, असं मला वाटलं.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून तिने मास्तरच्या कपाळावरून हात फिरवला, उभी राहिली, बाहीने नाक पुसलं आणि बापाकडे वळली.

"बाबा, पण राखाडी परत नाही ना द्यायची?"

"नाही गं," दादा म्हणाला. "ती तुझीच."

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि खोगीर आणायला आत पळाली.