चोथ्याचे लोड

ताईने गाडीतून पहिला लोड उचलला. लोड ओला होता, आणि चांगलाच जड.

"पाणी कोणी मारलं?"

"मी," मुकादमकाका म्हणाले. "चोथा गाडीत चढवायचा तो भिजवूनच. नाहीतर वाटेत पेटतो. जन्म गेला माझा ह्यात."

काकांचा जन्म गेला होता बियांपासून इंधन काढणाऱ्या कारखान्यात. तिथला उरलेला चोथा कुणी फुकटसुद्धा नेत नसे. ताई तो काळाकुट्ट होईपर्यंत भाजायची आणि कापडी खोळीत भरून लांबलचक लोड शिवायची. भाजका चोथा तेल पितो, पाण्याला तोंड लावत नाही, हे ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

आज नुसतं बोलून भागणार नव्हतं. वरच्या अंगाला तेलाची टाकी फुटली होती आणि तवंग ओढ्यातून तिच्या धाकट्या भावाच्या मत्स्यतळ्याकडे सरकत होता. ओढ्याचं पाणी आत घेणारं तळ्याचं दार लावावं तर एवढ्या उन्हात मासे गुदमरणार, उघडं ठेवावं तर तेल आत. लोडांच्या ओळी तेल अडवतील, ह्या बहिणीच्या शब्दावर भावाने ते उघडं ठेवलं होतं.

"काका, घात केलात माझा!" ती ओरडली. काकांचं तोंड एवढंसं झालं.

तिने दुसरा लोड ओढला. हा हलका होता. खोळ ओली, पण शिवण उसवली तर आतला चोथा कोरडा ठणठणीत. मग पहिलाच कसा जड? आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निम्मे लोड तिने आज सकाळी घाईघाईत भरले होते, चोथा पुरता काळा व्हायच्या आतच भट्टीतून काढून. कच्चा राहिलेला चोथा पाणी प्यायला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी आहे. जड तेवढे बाजूला टाका." मग ती भावाकडे वळली. "दोन ओळी लावते म्हणाले होते, एकच होईल. पुरेल की नाही, खरंच सांगता येत नाही. दार लावायचं तर आत्ताच लाव."

भावाने दाराला हात लावला नाही. तो सरळ पाण्यात उतरला. "दे इकडे."

तिघांनी लोडाला लोड बांधून दारासमोर ओळ लावली. तवंग आला आणि टेकला. खोळी काळ्या पडू लागल्या. पलीकडे काही झिरपतंय का, उन्हाने चकाकणाऱ्या पाण्यात कळेना. ताईची बघायची छातीच होईना.

भावाने तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि ओंजळ तिच्या नाकाशी धरली. वास चिखलाचा होता. नुसता चिखलाचा आणि माशांचा. ताईला रडू कोसळलं.

"रडतेस काय, ताई? हे लोड तेलाने भरत आलेत," भाऊ म्हणाला. "जा, भट्टी पेटव. आणि घाई करू नकोस."