उपटलेली लव्हाळी

"आधी नाल्याचा काठ, मग चहा. आणि काठ साफ होईपर्यंत तोंडात देवाचं नाव, दुसरा शब्द नाही."

सासूबाईंनी हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या गेल्याला चौदा वर्षं झाली, नेम चालू आहे. आमच्या घरामागे नाला, त्याला लागून गल्लीची सखल मोकळी जागा. तिथलं गवत, प्लास्टिक, फांद्या रोज सकाळी काढायच्या. वाट स्वच्छ असली की पाणी घरात येत नाही, असं त्या म्हणत. तरी दोनदा आलंच. दुसऱ्यांदा कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत.

मग गल्लीनं भिंत मागितली. नणंदेची मुलगी पाणी खात्यात आहे. तिनं बैठकीत वेगळंच मांडलं. काठ उतरता करू, सखल जागेत लव्हाळी लावू. पाणी चढलं की तिथे पसरेल, थांबेल, जिरेल.

"म्हणजे पुराला सतरंजी अंथरायची," शेजारचे टेलरकाका म्हणाले. "या, बसा!"

"तुमच्या दुकानात बसण्यापेक्षा बरं ना, काका? आणि भिंत बांधलीत तर ते खालच्या गल्लीत जाऊन बसेल."

सगळे हसले, आणि एका पावसाळ्यापुरते कबूल झाले.

लावणीच्या वेळी मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. परतले तर काठ उतरता झालेला आणि त्यावर गवताचे झुबके. लव्हाळी म्हणजे कमरेएवढी, तुऱ्यांची, असं माझ्या डोक्यात. ती अजून यायची असतील, तोवर जागा नीट करून ठेवावी म्हणून मी उपटायला घेतलं. नऊ दिवस लागले.

"वहिनी, आता कशी माणसांची जागा वाटते!" टेलरकाका जाता जाता म्हणाले. माझं मौन होतं. मी मान हलवली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी भाची पाहणीला आली. "मामी, रोपं कुठे गेली?"

ते झुबके म्हणजेच लव्हाळी होती, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यात टेलरकाका बोलले, "वाहून गेली असतील. परवा वळवाची सर आली होती ना?"

तिनं वहीत तसं लिहून घेतलं. सकाळचं मौन केव्हाच संपलं होतं, तरी मी गप्प राहिले. रात्री प्रार्थनेला बसले, पण डोळे मिटवेनात.

रविवारी पुन्हा बैठक झाली. "एका सरीत वाहून जाणारं गवत पूर काय अडवणार?" असा सगळ्यांचा सूर. बैठक चालवणाऱ्या मास्तरांनी भिंतीच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर जाऊ लागला. भाची कागदाची गुंडाळी धरून कोपऱ्यात उभी होती.

"वाहून नाही गेली," मी म्हणाले.

"वहिनी, जरा मोठ्यानं. तुमचं देवाला ऐकू जातं, आम्हाला नाही," टेलरकाका म्हणाले.

"मी उपटली. तण समजून."

"सगळी?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी, मुळासकट. मी काम अर्धवट टाकत नाही."

हशा पिकला. टेलरकाकांनी कपाळाला हात लावला. "आणि मी शाबासकी दिली!"

भाची हसली नाही. "मामी, दोनशे साठ रोपं होती. खात्याकडे आता एकही नाही. कुठे टाकलीत?"

"गल्लीच्या नळापाशी ढीग आहे. सावलीत, ओला."

ती धावत जाऊन बघून आली. हातात एक झुबका, मुळं अजून पांढरी. "बरीचशी जगतील. पण लगेच लावायला घ्यायला हवीत, आणि तोवर ढीग ओला ठेवायला हवा."

मास्तरांनी चष्मा पुसला. "पावसाला तीन आठवडे आहेत. तोवर काठ भरला, तर हंगामभर बघू. नाही तर भिंत."

"रोज वीस लावीन," मी म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"काठ पुन्हा गबाळा दिसेल बरं का."

"दिसू दे, काका."

सोमवारी उजाडताना प्रार्थना झाली. बादली आणि खुरपं घेऊन मी मागचं दार उघडलं. पलीकडे टेलरकाका दात घासत उभे होते.

"वहिनी, दोन झुबक्यांत अंतर किती ठेवायचं?"

माझ्या तोंडात देवाचं नाव होतं. वीतभर, असं हातानंच दाखवलं आणि ढिगाकडे निघाले.