वळायला जागा

"आरं, वळता येईना त्याला! शेपटी काचेला घासून राह्यली," सर्जेराव दिवाणावरून ओरडले.

भारतनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "आबा, मासा टाकीएवढाच वाढतो. दुकानदारानं बराबर सांगितलंय."

"मंग तुला लहानपणी डब्यात ठेवलं असतं, तर डब्याएवढाच राह्यला असता का?"

स्वयंपाकघरात सून ज्योत्स्ना फिसकन हसली. भारत हसला नाही.

सर्जेरावांनी जन्मभर एसटी चालवली होती. कुठल्या गाडीला वळायला किती जागा लागते, हे त्यांच्या खांद्यांना कळे. हा अरोवाना मासा आला तेव्हा बोटाएवढा होता. आता हातभर झाला, तरी टाकी तीच. वळताना बिचाऱ्याला अंगाची घडी घालावी लागे. नाक काचेवर आपटून सोललं होतं आणि पाणी तुंबलेल्या मोरीसारखं वास मारत होतं. सर्जेरावांना त्या वासाची शिसारी येई, पण पाहुण्यांची त्याहून जास्त. ते काचेवर टिचक्या मारत, मासा दचकला की खिदळत, आणि "लकी असतो म्हणे" म्हणत फोटो काढत. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर! गंडा नको, ताईत नको, नशीब उघडायला मासा मात्र चालतो. शी!

एका रविवारी टिचक्या ऐकून सर्जेराव भरल्या ताटावरून उठले.

"मोठी टाकी येईस्तोवर मी जेवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशीही ताट परत गेलं, तेव्हा भारतनं टेप काढून हॉल मोजला. "सहा फुटांची टाकी बसंल अशी एकच भिंत हाय, आबा."

त्या भिंतीला सर्जेरावांचा दिवाण होता. ज्योत्स्नानं नवऱ्याकडे पाहिलं. सर्जेरावांनीही पाहिलं. पोरगं पुढं काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं.

"उचल मंग," शेवटी तेच म्हणाले.

भारतनं लगेच दिवाणाचं एक टोक धरलं. गॅलरीत दिवाण मावेना, तो भंगारवाल्यानं नेला. वॉशिंग मशीन आणि कुंड्यांच्या मधे एक आखूड खाट बसली.

नव्या टाकीत मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि सावकाश, अंग न मोडता वळला. सर्जेरावांनी ते डोळे भरून पाहिलं आणि दोन भाकरी खाल्ल्या.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. "मोठ्या जिवाला मोकळी जागा लागतीच," भारत सांगत होता. "मी तर पहिल्यापासून म्हणून राह्यलो."

"आबा दिसत न्हाईत?"

"हायत की गॅलरीत. त्यांना मोकळी हवा आवडती."

दाराआड पडलेल्या सर्जेरावांनी ते ऐकलं. पोटच्या पोराची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. दुपारचं ऊन तोंडावर आलं, म्हणून ते कूस बदलायला गेले. पाय वॉशिंग मशीनला लागला. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि होते त्याच कुशीवर पडून राहिले.