तोफेचं धुराडं

"युद्ध आज संपलं!"

रणगाड्याच्या तोफेची कापलेली नळी धुराडं म्हणून नव्या घराच्या छपराच्या भोकात नीट बसली, तसा गावचा कारागीर उस्ता बरोत कमरेवर हात ठेवून साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला.

युद्ध संपून एक पिढी उलटली होती. त्यामुळे खोऱ्यात कोणी मान वर केली नाही. शेजारच्या खोलमुरोदने तेवढी भिंतीला टेकवलेली शिडी उचलून खांद्यावर घेतली.

"अरे, मी वर आहे!"

"दिसतोयस की. पण शिडी माझी आहे. युद्ध संपलं म्हणजे ज्याचं सामान त्याला परत."

बरोतच्या बायकोने, सबोहतने, खोलमुरोदची हातापाया पडून मनधरणी केली, तेव्हा कुठे विजेता खाली उतरला.

तो रणगाडा नदीच्या काठाशी उलटून पडला होता, आणि बरोत इतकी वर्षं तो जरा जरा करून संपवत आला होता; तोफेची ही नळी शेवटची. कोणाच्या गोठ्याचं दार झालं, कोणाच्या गाईची गव्हाण झाली. जवळ सापडलेल्या तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांचे पाय लावून त्याने खाटा केल्या, आणि अर्धं गाव त्यांवर निर्धास्त घोरत होतं. सर्वांत जाड पत्रा मात्र त्याने कोणाला दिला नाही. त्याची बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी केली, आणि ती दिलोवरच्या घरात मांडली.

दिलोवर म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. तो रशियात, कझानला, इमारतींना गिलावा करत होता. त्याच्यासाठी बापाने अंगणातच नवं घर बांधलं होतं. रजया रचून ठेवलेल्या, खिडक्यांना पडदे लावलेले. फक्त बुखारी पेटायची होती. ती मुलानेच पेटवायची, बापाच्या चुलीतले निखारे फावड्यावर नेऊन. तोवर घर थंड ठेवायचं, हा तिथला रिवाज.

धुराडं बसलं त्याच संध्याकाळी दिलोवरचा फोन आला.

"बाबा, यंदा सुट्टी नाही मिळत. पुढच्या वर्षी नक्की."

"असू दे, असू दे. इथेही काही खास नाही," बरोत म्हणाला, आणि फोन बंद झाल्यावरही बराच वेळ कानाला धरून बसला.

सकाळी त्याने फावडं घेतलं आणि चुलीतले निखारे उकरले.

"अहो, हे काय चाललंय?"

"लोखंड आहे. गंजेल. एकदा तापवून बघतो."

सबोहतने पुढे होऊन नव्या घराचं दार उघडून धरलं.

जर्दाळूची लाकडं ओली होती. तोफेतून असा दाट धूर निघाला की लढाईतसुद्धा निघाला नसेल. एवढं जाड लोखंड तापायलाही वेळ लागतो. बरोत हात पुढे करून वाट बघत बसला. लोखंड कोमट होईतो दारात माणसं उभी होती.

नव्या घरातून धूर निघाला म्हणजे घराचा मालक आला, एवढं गावाला कळत होतं. कोणी गरम रोट्या आणल्या, कोणी लोण्याचा गोळा. एक बाई स्थळ म्हणून भाचीचा फोटोही घेऊन आली होती.

"आला का? कधी आला? कुठाय?"

बरोतने तोंड उघडलं.

"झोपलाय," मागून सबोहत म्हणाली. "प्रवासाने दमलाय पोर."

लगेच सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. आतल्या बंद दाराकडे पाठ करून बसले. पेल्यांत थोडा थोडा चहा फिरला.

"लहानपणीही असाच. एकदा झोपला की झोपला."

"झोपू दे गं. तिकडे कुठली झोप मिळतेय!"

थोड्या वेळाने बरोतही हळू बोलू लागला. एकदा तर तो उठला आणि आतल्या दाराची फट नीट बुजवून आला, वारा लागू नये म्हणून.

खोलमुरोद सर्वांत शेवटी आला. उंबऱ्याशी रबरी बूट काढायला त्याने नको इतका वेळ लावला. तिथे गावची सगळी पादत्राणं पडली होती, चिखलाने माखलेली, टाचा चेपलेली. शहरातला जोड एकही नव्हता. त्याने मान वर करून बरोतकडे पाहिलं. बरोत पेल्यात बघू लागला.

तेवढ्यात भाचीवाली बाई खळखळून हसली.

"हळू!" खोलमुरोद तिच्यावर खेकसला. "पोरगं झोपलंय, कळत नाही?"

आणि तो येऊन बुखारीजवळ बसला.

एकेक करून लोक गेले. खोलमुरोद काही उठेना. भिंतीपलीकडे त्यानेही एक घर बांधलं होतं, त्याच्या मुलासाठी, नेकरूझसाठी. तिथली बुखारी त्याच रणगाड्याची, बरोतनेच करून दिलेली. दोन हिवाळे गेले, ती तशीच थंड होती. नेकरूझचा तर हल्ली फोनही येत नसे.

बरोत टोमण्याची वाट बघत होता. इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर टोमणा कुठून येणार हेही त्याला माहीत होतं.

खोलमुरोदने तळहात शेकले, चोळले, पुन्हा शेकले.

"बरोत," तो कुजबुजला. आता कुजबुजण्याचं काही कारण नव्हतं. "दोन ओली लाकडं देतोस? माझ्याकडची सगळी वाळलेली आहेत. धूर दिसायचा नाही."