मोसंबीचं सरपण

जालिंदरनं लाकूड कापायच्या मशीनचं झाकण उघडलं, ब्रशनं भुसा झटकला आणि ब्रेकची स्प्रिंग पक्कडीनं ओढून काढली. कापताना मशीन अंगावर उसळली, तर धावती चेन जागेवर थांबवायची ती या ब्रेकनंच. आता ती थांबणार नव्हती.

मशीन सुंदररावांची होती. गावच्या उपसा सिंचन संस्थेचे ते चेअरमन. मागच्या दुष्काळात जालिंदर त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. लगेचच त्याच्या शेताकडचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप ठोकलं गेलं. त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, डोक्यावरून हंडे वाहिले. तरी मोसंबी वाळलीच. ती तोडायला त्यानं जुनी मशीन आणली, ती उघडून-जोडून हे काम शिकला. आता पार कडा गावापासून लोक त्याच्या ओसरीवर मशीन दुरुस्तीला घेऊन येत.

छबुबाईला त्याच्या तळहातावरची स्प्रिंग दिसली.

"ही कावून काढली?"

"असू दे."

त्यानं ती खिशात टाकली. छबुबाई उंबऱ्यात घुटमळली आणि आत गेली.

ऊन कलताना सुंदरराव आले. एरवी गडी धाडणारा माणूस आज पायी आला होता.

"झाली का बे?"

"व्हतीय. चालवणार कोण हाय?"

"मीच." ते बाजेवर टेकले. "तळं आटलं. संस्थेची मोटर गाळात रुतून बसली. बाग गेली, जालिंदर. सगळी मोसंबी. माझ्या हातानं लावलेली हाय, गड्याला कसं तोडाया सांगू?"

जालिंदर त्यांच्याकडं बघत राहिला. पहिल्याच झाडापाशी हा माणूस आडवा झाला, तर बाकीची झाडं दुसराच कुणीतरी तोडणार.

त्यानं खिशातली स्प्रिंग काढून जागेवर बसवली. ब्रेक ओढून पाहिला, खट्कन लागला. मग गोल कानस घेऊन तो चेनीचा एकेक दात घासायला बसला. ऑइल भरलं, फिल्टर फुंकून साफ केला, चेन बोटानं ताणून पुन्हा आवळली. सुंदरराव मान खाली घालून तो आवाज ऐकत होते.

"लई जिवापाड केलंस," ते उठताना म्हणाले.

"मधी बंद पडू नये," जालिंदर म्हणाला. "शेवटच्या झाडापातूर चालंल."

सकाळी ओढ्यापलीकडून मशीनचा आवाज सुरू झाला. जालिंदरनं बाज अंगणात ओढली आणि तिकडं तोंड करून बसला. आवाज थांबला की तो मान वर करी. पुन्हा सुरू झाला की चहाचा घोट घेई.

छबुबाई कोयता आणि दोर घेऊन बाहेर आली.

"कुठं निघालीस?"

"त्यांच्या बागंत. सरपन आणाया." तिनं पदर खोचला. "आपली तोडली तवा त्यांनी गाडी भरून नेलतं."