जागा संपली म्हणून सांगतेय

मी बोलतेय. हो, मीच ती, ‘जागा संपत आली आहे’ असं सांगून सांगून नकोशी झालेली. फोनमधले फोटो वर जाऊन जिथे पडतात ती साठवण. लोक मला क्लाऊड म्हणतात, पण माझा आकाशाशी काडीचा संबंध नाही. कुठल्याशा थंडगार इमारतीत, घरघरणाऱ्या यंत्रांच्या कपाटांत मी राहते आणि मलाही भिंती आहेत. हेच कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

माझा जन्म एका घड्याळजींच्या दुकानात झाला. त्यांनी नवा फोन घेतला, लेकीने त्यावर खातं उघडून दिलं आणि त्याच्याबरोबर थोडी फुकटची जागा मिळाली. ती मी. “बाबा, आता फोन हरवला तरी फोटो हरवायचे नाहीत,” लेक म्हणाली. बाबांनी त्यातलं ‘हरवायचे नाहीत’ एवढंच ऐकलं आणि सुटले.

घड्याळजींची कामाची पद्धत अशी, की घड्याळ उघडताना प्रत्येक पायरीला फोटो काढायचा. स्क्रू काढला, फोटो. चाक उचललं, फोटो. जोडताना तेच फोटो उलट्या क्रमाने बघायचे. पद्धत झकास, पण गिऱ्हाईक घड्याळ घेऊन गेलं तरी फोटो माझ्याच गळ्यात! त्यात व्हिडिओ चालू करून फोन तसाच शर्टाच्या खिशात टाकायची त्यांना खोड. मग खिशातला काळोख मी सांभाळायचा. आणि काळोखालाही जागा लागते हो!

मी भरत आले. सूचना पाठवली. त्यांनी ‘नंतर’ दाबलं. पुन्हा पाठवली, पुन्हा ‘नंतर’. जागा विकत घेणार नाही, हा त्यांचा बाणा. शेवटी एकदाचे सेटिंगमध्ये शिरले आणि ‘मूळ दर्जा’ सोडून ‘जागा वाचवा’ निवडलं. तेव्हापासून येईल तो फोटो मी आक्रसून ठेवू लागले. फोनच्या पडद्यावर फरक कळत नव्हता. “बघ, तसाच तर दिसतोय,” त्यांनी बायकोला दाखवलं, आणि फोन मोकळा करायला म्हणून त्यातले मोठे फोटो पुसत गेले. मूळ गेलं, माझ्याकडे उरली बारकी नक्कल. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला कोण विचारतंय?

त्याच सुमारास बायकोचे वडील, अप्पा, कायमचे राहायला आले. अप्पांची दृष्टी गेलेली. त्यांचा दिवस चालायचा तो त्यांच्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळावर. दर पाव तासाला चार हातोड्या चार सळयांवर पडून एक छोटीशी धून वाजायची. ती ऐकून अप्पांचा चहा, आंघोळ, फेरफटका सगळं आपलं आपण व्हायचं. जावयाने ते घड्याळ अप्पांच्या घरातून काढून आणलं आणि साफ करायला म्हणून पार खोललं. फोटो काढतच, अर्थात.

जोडायला बसले आणि अडले. हातोड्या ओढणाऱ्या चार बारीक तारांपैकी कुठली कुठल्या हातोडीला? फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला, तर तारांचा नुसता चिखल. “या क्लाऊडने फोटो बिघडवले!” घड्याळजी गरजले. मी बिघडवले? घाईघाईने त्यांनी पुन्हा ‘मूळ दर्जा’ निवडला आणि फोटो सुधारायची वाट बघत बसले. अहो, टाकून दिलेला बारकावा मी आता कुठून आणू? पुढचे फोटो मोठे येतील, मागचे नाही.

अंदाजाने तारा जोडून त्यांनी घड्याळ वाजवून दाखवलं.

“हे माझं नाही,” अप्पा म्हणाले.

पुन्हा उघडून जोडलं. “हेही नाही.”

“कसं वाजायचं ते म्हणून तरी दाखवा, अप्पा.”

“ऐकलं की ओळखेन. तोंडाने कसं सांगू?”

घड्याळ टेबलावर उघडंच पडून राहिलं. किती वाजले हे सारखं दुसऱ्याला विचारायची अप्पांना लाज वाटू लागली, म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं. हाक मारली की जेवायला येत, एरवी खुर्चीत बसून राहत. ते बघून बायको नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

मग सुट्टीला लेक आली. “बाबा, काय हा उकिरडा!” म्हणत तिने मला आवरायला घेतलं. सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या फाइली आधी लावल्या. अगदी वर एक लांबलचक, काळाकुट्ट व्हिडिओ होता. सुटले एकदाची, मी म्हटलं. पुसण्याआधी तिने सहज लावून बघितला. शर्टाची खसखस, जिना चढताना बाबांना लागलेली धाप, आणि मग चार स्वर.

आतल्या खोलीत काठी आपटली. “तेच! पुन्हा लाव!” भिंत चाचपत अप्पा बाहेर आले. बाबा अप्पांच्या घरी घड्याळ आणायला गेले त्या दिवशीचा तो व्हिडिओ होता.

लेक तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावत होती. घड्याळजी एकेक सळई नखाने वाजवत होते. “ही नाही. पुढची. हां, ही पहिली,” अप्पा सांगत होते आणि आईसकट डोळे शाबूत असलेले तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

संध्याकाळी घड्याळ भिंतीवर चढलं आणि वाजलं. अप्पा खुर्चीतून उठले. “चला, माझी फिरायची वेळ झाली,” म्हणाले आणि पायाने चपला शोधू लागले. मला खरंच फार बरं वाटलं.

नंतर लेकीने हललेले, दोनदोनदा काढलेले फोटो पुसले. केराची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण त्याशिवाय जागा सुटत नाही, हे निदान तिला तरी माहीत आहे. त्या काळ्या व्हिडिओशी येऊन ती थांबली. “आई, हा आता काढू ना? घड्याळ तर वाजतंय.”

“राहू दे,” आई म्हणाली. “हे पुन्हा उघडतील.”

तेव्हा तो काळोख अजून माझ्याकडेच आहे. असू दे. पण घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळाचे ढीगभर फोटो काढलेत, सगळे एकसारखे आणि सगळे मूळ दर्जात. मी पुन्हा काठोकाठ भरलेय. बाबांनो, काय ठेवायचं आणि केवढं ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. मला मोजता येतं, निवडता येत नाही. सकाळीच तशी सूचना पाठवली होती.

त्यांनी आत्ता ‘नंतर’ दाबलंय.