कल्ची कोणी म्हणायचं

"मला एवढंच सांग नोरीन, ही शिवी आहे की नाही?" डेपोचा मॅनेजर टॅलन म्हणाला. त्याच्यापुढे डर्वलाची तक्रार होती. लायट्रिमसारख्या खेडवळ भागातली ही पोरगी तीन महिन्यांपूर्वी डब्लिनच्या बस डेपोत लागली होती. ड्यूटी लावणारा डब्लिनकर फिंटन रोज सगळ्यांदेखत तिला 'कल्ची' म्हणतो, गावंढळ म्हणून हिणवतो, असं तिनं लिहिलं होतं.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेली नोरीन रॉसकॉमनच्या खेड्यातली, म्हणजे तीही कल्चीच. फिंटन तिलाही तेच म्हणायचा.

"तक्रार खरी ठरली तर फिंटनचं ड्यूटी लावायचं टेबल जाईल," टॅलन म्हणाला. "मी डब्लिनचा, मला यातलं काय कळणार? तू म्हणशील तसं लिहितो. सोमवारी सांग."

म्हणजे आपल्या गळ्यातली धोंड हिच्या गळ्यात घालून साहेब मोकळे!

कँटीनमध्ये फिंटन वाटच बघत होता. "काय गं कल्चे, सांगितलंस ना, सगळी गंमत असते म्हणून?"

"सोमवारी सांगायचंय."

"आता तू पण भाव खा! अगं, ती पोरगी काल आली, तिला काय कळतंय? आणि शनिवारी मी येतोय हं तुमच्याकडे. बूट घेतलेत नवे."

नोरीनला हसू आलं. तिचे वडील हिवाळ्यात गेले तेव्हा फिंटन अडीच तास गाडी हाकत गावी आला होता, रांगेत उभं राहून घरच्या सगळ्यांचे हात हातात घेऊन गेला होता. यंदा घरच्या दलदलीतून जळणाची माती काढून वाळवायला माणूस कमी पडणार हे कळल्यावर आपणहून येतो म्हणाला. अशा माणसाचं टेबल आपल्या तोंडून जावं, ही कल्पनाच तिला सोसवेना. काहीही नाही हो, गंमत आहे, असं सांगून टाकायचं तिनं जवळजवळ ठरवलं. पण जिन्यात डर्वला समोर आली आणि खाली मान घालून निघून गेली. ते काही नोरीनच्या मनातून जाईना.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. यंत्रानं कापलेल्या जळणाच्या काळ्या लाद्या दलदलीवर लांबच लांब पसरल्या होत्या. त्या उभ्या करायच्या: चार-पाच लाद्यांची डोकी एकमेकींना टेकवायची, वर एक आडवी ठेवायची, की मधून वारा खेळतो आणि त्या वाळतात. नोरीनचा भाऊ मॅलकी यानं फिंटनला हे सांगितलंच नाही. जन्माला आलेल्या कोणालाही हे येत असणार, असंच तो धरून चालला.

दोन तासांनी मॅलकी बघायला गेला. फिंटननं लाद्यांवर लाद्या आडव्या रचून गुडघाभर उंचीची, ओळंब्यात असल्यासारखी सरळ भिंत बांधली होती. घामाघूम झाला होता आणि खूश होता.

"अरे, या रे सगळे!" मॅलकी ओरडला. "या जॅकीननं आपल्याला बंगला बांधून दिलाय बघा!" डब्लिनकराला गावाकडे हिणवून जॅकीन म्हणतात.

शेजारच्या पट्ट्यांवरची माणसं आली. कोणी दार कुठाय विचारलं, कोणी भाडं. "डब्लिनमध्ये जळणाच्या भिंती बांधतात काय रे, जॅकीन?" फिंटनही हसला. चहा आला, हॅमचे सँडविच निघाले, नवीन माणूस आला की भिंतीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. फिंटन दर वेळी हसत होता. पण त्याचे कान लाल झालेले नोरीनला दिसले, आणि हातातला सँडविच तसाच होता.

ती कप घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"चांगले आहेत लोक," तो म्हणाला. मग हळूच, "तुला पण असंच वाटायचं का गं?"

बावीस वर्षांत नोरीनला हे कोणी विचारलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी तू विचारलंस, 'कल्ची आली! गाय कुठं बांधलीस?' सगळी कँटीन हसली. मी संडासात जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून हसायला लागले."

"पण तू हसायचीस की! मला वाटलं..."

"मग आत्ता तू काय करत होतास?"

फिंटन सँडविच खाली ठेवून उठला, भिंतीपाशी गेला आणि वरची लादी काढून उभी केली. ती पडली. त्यानं पुन्हा उभी केली. नोरीननं दुसरी टेकवली.

"सोमवारी हेच सांग टॅलनला," तो मान वर न करता म्हणाला.

"टेबल जाईल रे तुझं."

"जाऊ दे. सांग तू, नोरीन."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र परकं, घरातलं कोणी उठून गेल्यासारखं. डोळे भरून आले तिचे.

"मी सांगेन," ती म्हणाली. "पण मला कल्चीच म्हण. तू माझ्या बापाच्या मयताला आला होतास, तुला तो हक्क आहे. डर्वलाच्या कुठल्या दुःखाला गेलायस तू अजून?"

फिंटननं तिसरी लादी टेकवली. या वेळी ती उभी राहिली.